एरर आली नाही म्हणजे ऑप्शन लागला असं नाही
वरच्या पोस्टमध्ये लिहिलंय की सॉफ्टवेअरला किंवा कमांडला एखादा ऑप्शन (म्हणजे जादा सूचना) दिल्यावर एरर आली नाही म्हणजे तो लागू झाला असं धरायला हरकत नाही. मला हे अजिबात पटत नाही, खरा त्रास तिथेच आहे. मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये ८.०.१६ व्हर्जनच्या आधी टेबल बनवताना चेक कन्स्ट्रेंट (कॉलममध्ये कोणती किंमत चालेल याचा नियम) लिहिला तर ते मुकाट्याने स्वीकारायचं आणि पाळायचं मात्र नाही, वय शून्यापेक्षा जास्त हवं असं लिहिलेल्या कॉलममध्ये उणे ५ आरामात बसायचे. मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलं होतं, पण ते शोधायला आधी शंका तरी यायला हवी ना!

दुसरं म्हणजे आपण वाचतो ते डॉक्युमेंटेशन नेमकं कशाचं? सेडचंच घ्या, फाइलमधला मजकूर बदलणारी कमांड. लिनक्सवरच्या ग्नू सेडला मायनस आय (मूळ फाइलच बदलायचा ऑप्शन) नंतर बॅकअपचं एक्स्टेन्शन (जुन्या प्रतीच्या नावाला लागणारं शेपूट) नाही दिलं तरी चालतं, मॅकवरच्या बीएसडी सेडला ते लागतंच, रिकामं का होईना. मग नेटवरून उचललेली मायनस आय, मायनस ई (पुढे बदलाची सूचना येते हे सांगणारा ऑप्शन) वाली कमांड मॅकवर चालवली की फाइल बदलते बरोबर, पण शेजारी नावाच्या शेवटी मायनस ई चिकटलेली एक जास्तीची फाइल येऊन बसते, कारण त्याने मायनस ई हेच एक्स्टेन्शन समजलेलं असतं.

म्हणून सांगतो, आधी व्हर्जन बघा, मग त्याच मशीनवरचं मॅन पेज (कमांडचं मॅन्युअल) वाचा, आणि मुद्दाम चुकीचा डेटा घालून बघा अडवतंय का. नाही अडवलं तर तेवढी तीन-चार ओळींची टेस्ट जोडून बग रिपोर्ट नक्की टाका, चूक कोडमध्ये नसून डॉक्युमेंटेशनमध्ये असली तरी टाका.