१२ वर्षांच्या पॉमला (पॉमेरेनियन कुत्र्याला) दात साफ करायला भूल द्यावी का?

आमच्या पॉमच्या तोंडाला इतका वास येतो की जवळ घेववत नाही, डॉक्टर म्हणतात भूल देऊन स्केलिंग करू पण वय बघता मला जाम भीती वाटतेय, उठलाच नाही तर??

– नुसत्या वयाने नाही हो, हार्ट-किडनीने बिघडतं. आधी रक्तात सीबीसी (रक्तपेशी), क्रिएटिनिन (किडनीसाठी), लिव्हर बघा. छोट्या जातींत म्हातारपणी हार्टची झडप गळते, मर्मर (ठोक्यांत जादा आवाज) ऐकू आला तर इको (हार्टची सोनोग्राफी) करूनच पुढे जा. आणि विचारा, श्वासनलिकेत ट्यूब घालणार ना? नाहीतर स्केलरचं पाणी फुप्फुसात जायचं. सलाईन चालू हवं, अंग गरम ठेवायला हवं, एवढासा जीव लगेच गार पडतो.

– भूल न देता करतात ते करू नका, वरवरचं टार्टर (दातांवरचा कडक थर) निघतं, हिरडीखालचं तसंच राहतं. आम्ही ते केलं, वर्षात चार दात गेले.

– आमची १३ वर्षांची लॅब्राडॉर, दुपारी घरी आली, रात्रभर झिंगल्यासारखी, सकाळी पोळी मागायला हजर 😄

– थँक्यू सगळ्यांना, उद्याच रक्त देतो तपासायला. तोवर आमची कोलगेट चालेल का?

– अजिबात नको!! कुत्र्यांची वेगळी मिळते, आपल्यातलं फ्लोराइड ते गिळतात.