पॉलिहाऊसमध्ये काम करणाऱ्या भावाचा खोकला: फवारणीच्या औषधामुळे की आणखी कशाने?

भांडुपची_ताई

नमस्कार मंडळी. प्रश्न धाकट्या भावाचा आहे. तो जुन्नर तालुक्यात एका पॉलिहाऊसवर, म्हणजे प्लास्टिकने झाकलेल्या शेतीच्या शेडवर, कामाला आहे. रंगीत ढोबळी आणि थोडी काकडी. झाडं सुतळीला बांधायची, फुटवे काढायचे, तोडणी करायची, हे रोजचं. तोडणीला बहुतेक बायका असतात, त्यामुळे फवारणीच्या दिवशी पाइप धरायला यालाच उभं करतात. तोंडाला काय, तर गमछा.

सध्या माळशेजच्या एसटीने माझ्याकडे आलाय. इथे आला तेव्हा रात्रभर खोकायचा, छातीतून शिट्टी वाजल्यासारखा आवाज यायचा. आता बराच कमी आहे. तो म्हणतो तिकडे शेडमध्ये शिरल्यावर थोड्या वेळात शिंका सुरू होतात, नाक गळतं, डोळे चुरचुरतात. फवारणी केली की वेगळंच. डोकं ठणकतं, मळमळतं, संध्याकाळी समोरचं अंधुक दिसतं, घाम तर थांबतच नाही. बोटांची सालं निघालीयेत.

स्टेशनजवळच्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला, थुंकी तपासली. टीबी नाही. मग खोकल्याचं औषध दिलं आणि धूळ टाळा म्हणाले. "काम काय करतोस" हे काही विचारलं नाही, आणि आमचं ध्यान स्वतःहून बोलणाऱ्यातलं नाही. हीच लाल-पिवळी ढोबळी मी वाशी मार्केटवरून आणून माझ्या पोळी-भाजी केंद्रात चिरते, आणि ती पिकवणारा माझ्याच खोलीत खोकतोय. कुठल्या डॉक्टरकडे नेऊ? रक्ताची काही टेस्ट असते का? आणि मास्क कुठला घ्यावा? काम सोड म्हणणं सोपं आहे, ते कृपया सांगू नका.

निवृत्त_सिस्टर_परळ

ताई, तुम्ही लिहिलंय त्यात मला दोन वेगळे त्रास दिसतात. एकाच औषधाने दोन्ही जातील असं धरू नका.

पहिला शिंका, शिट्टी आणि रात्रीचा खोकला. शेडमध्ये गेलं की सुरू, सुट्टीवर आलं की कमी. ही कामाशी जोडलेल्या दम्याची खूण असू शकते, आणि त्याला औषधाची फवारणीच लागते असं नाही. ढोबळीच्या फुलांचे परागकण बंद शेडमध्ये साठून राहतात. नेदरलँडमध्ये ग्रीनहाऊसमधल्या ढोबळी कामगारांची तपासणी झाली तेव्हा या परागाची ॲलर्जी बऱ्याच जणांत सापडली. लाल कोळी म्हणता ना, पानामागे जाळं करतो तो, त्याचीही ॲलर्जी होते. शिवाय दमट हवेतली बुरशी आहेच. पालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलमध्ये छातीच्या ओपीडीला न्या. स्पायरोमेट्री सांगतील, म्हणजे फुंकून फुफ्फुसाची ताकद मोजायची तपासणी. पीक फ्लो मीटर नावाची साधी फुंकायची नळी मिळते, श्वास किती जोरात सुटतो ते दाखवणारी, तीही विचारा. दिवसातून चार वेळा फुंकून आकडा वहीत लिहायचा, इथे सुट्टीवर आणि तिकडे कामावरही. दोन्हीकडचे आकडे शेजारी ठेवले की डॉक्टरांना वाद घालायला जागा राहत नाही.

दुसरा त्रास मला जास्त काळजीचा वाटतो. फवारणीनंतर डोकेदुखी, मळमळ, घाम आणि अंधुक दिसणं. ऑर्गनोफॉस्फेट किंवा कार्बामेट गटातलं कीटकनाशक असेल तर ते शरीरातल्या कोलिनेस्टरेज नावाच्या एन्झाइमला बांधून टाकतं. रक्तातून ते मोजता येतं. पण अडचण अशी की नॉर्मलची पट्टी फार रुंद असते. माणसाचं मुळात जास्त असेल तर बरंच घसरूनही रिपोर्टवर "नॉर्मल" छापून येतं. म्हणून आता कामापासून लांब असताना एकदा करा, आणि फवारणीच्या हंगामात पुन्हा करा. दोन्ही रिपोर्ट जपून ठेवा. कोळीच्या औषधांपैकी अबामेक्टिनसारखी या टेस्टमध्ये दिसत नाहीत, त्यामुळे आधी बाटल्यांच्या लेबलचे फोटो मागवा.

हे मात्र आजच त्याच्या डोक्यात घाला: बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होणं, लाळ गळणं, स्नायू फडफडणं, श्वास जड होणं. असं झालं की कपडे काढायचे, साबणाने अंग धुवायचं आणि बाटलीसकट थेट हॉस्पिटल. झोपून बरं वाटेल म्हणून खोलीवर जायचं नाही. दिल्लीच्या एम्सचं विषबाधा माहिती केंद्र आहे, 1800 116 117, टोल फ्री.

घाटावरचा_शेतकरी

उगाच घाबरवताय. आमच्या वडिलांनी उभं आयुष्य औषध मारलं, कधी मास्क लावला नाही. शेवटपर्यंत ठणठणीत.

निवृत्त_सिस्टर_परळ

दादा, वडील सुखरूप राहिले हे चांगलंच झालं. 2017 साली यवतमाळला कपाशीवर फवारणी करणारे 20 पेक्षा जास्त लोक गेले, तेही उघड्या रानात. इथे तर वर प्लास्टिक आहे.

पॉलिहाऊसवाला_मावळ

ताई, माझं स्वतःचं छोटं पॉलिहाऊस आहे, म्हणून मालकाच्या बाजूने बोलेन असं समजू नका. सिस्टर म्हणाल्या तसं प्लास्टिक हाच सगळा फरक आहे. फवारणी झाली की औषध लागू पडावं म्हणून आम्ही पडदे खाली सोडतो. रात्रभर हवा आतच. सकाळी सगळ्यात आधी आत कोण जातं? तोडणीच्या बायका. म्हणजे ज्यांनी पंपाला हातही लावला नाही त्या. लेबलवर किती वेळाने आत जायचं ते लिहिलेलं असतं, ते पाळायचं, आणि त्याआधी दोन्ही बाजूचे पडदे उघडून शेड चांगलं वाहतं करायचं. आम्ही दाराला दोरी आडवी बांधतो. दोरी सोडेपर्यंत कोणी आत नाही, मीसुद्धा नाही. भुरीसाठी, म्हणजे पानावरच्या पांढऱ्या बुरशीसाठी, रात्री गंधक जाळत असतील तर सकाळी हे दुप्पट पाळा. त्या धुराने डोळे आणि छाती दोन्ही धरतं.

दुसरं, घाम. उन्हाळ्यात दुपारी आत चाळीसच्या वर जातं आणि पाण्याचं धुकं सोडणारा फॉगर चालू असला की घाम वाळतच नाही, अंगावरच निथळतो. उकाडा उतरायला वाट नाही, आणि ओल्या कातडीतून औषध जास्त आत जातं. म्हणून फवारणी उन्हं चढायच्या आत किंवा संध्याकाळी. अंगभर कपडे आणि रबरी बूटही मग सोसतात. भर दुपारी ते घाल म्हणणारा मालक स्वतः एकदा घालून बघू दे. पाणी पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर, तहान लागायची वाट बघायची नाही.

गमछा फेकून द्या. ओला झाला की औषध नाकासमोर बांधून ठेवल्यासारखं होतं. कोविडवाला एन-95 धूळ आणि पराग अडवतो, म्हणजे तोडणी-कटिंगला चालेल. फवारणीची वाफ तो अडवत नाही. तिथे रबरी हाफ फेस मास्क, त्याला सेंद्रिय वाफेचं (ऑर्गॅनिक व्हेपर) कार्ट्रिज, म्हणजे औषधाची वाफ शोषणारी डबी, आणि पुढे धुळीचा फिल्टर. आत वास यायला लागला की कार्ट्रिज संपलं. मुंबईत लोहार चाळ, नागदेवी भागात सेफ्टीच्या दुकानांत बघा. दाढी असेल तर काढायला सांगा, नाहीतर कडेने हवा शिरते. हातमोजे नायट्राइलचे. सुती मोजे औषध शोषून हाताला लावूनच ठेवतात, बोटं सोलतायत ती बहुधा त्यामुळेच. सगळ्यात जास्त जपायचं ते औषध कालवताना, कारण तेव्हा ते पाणी न घातलेलं असतं. आणि तंबाखू मळत असेल तर त्याच हाताने नको.

भांडुपची_ताई

मळतो. विचारलं तर हसला.

लेबलचे फोटो त्याच्यासोबत काम करणाऱ्याने व्हॉट्सॲपवर पाठवले. एकावर प्रोफेनोफॉस लिहिलंय, पिवळा त्रिकोण. एक अबामेक्टिन. तिसरी बाटली बिनलेबलची, "दुकानदाराने दिली" एवढंच. मोजे सुतीच निघाले. मास्कचं मालकाला तू सांग म्हटलं तर म्हणतो, उद्यापासून येऊ नको म्हणेल.

पॉलिहाऊसवाला_मावळ

प्रोफेनोफॉस म्हणजे सिस्टर म्हणाल्या तोच गट. त्रिकोणाचा रंग विष किती जहाल ते सांगतो: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. हिरवा म्हणजे सरबत नव्हे. बिनलेबलच्या बाटलीला हात लावायचा नाही. विषबाधा झाली तर डॉक्टर उतारा कशावरून ठरवणार?

मालकाला एकट्याने सांगू नये, फवारणीवाले सगळे मिळून गेले तर बरं. कीटकनाशक नियम 1971 मध्ये फवारणी करणाऱ्याला संरक्षक कपडे आणि श्वसनाचं साधन देणं, ठराविक काळाने डॉक्टरी तपासणी करणं, सगळं लिहिलेलं आहे. या गटाच्या औषधांसाठी तर कोलिनेस्टरेज महिन्याला मोजा असं आहे. कोण मोजतंय, ते सोडा. पण भांडणाने नको, "शेठ, माणूस आजारी पडला की तोडा अडतो" असं बोला. तोडा अडणं आम्हा लोकांना लगेच कळतं.

निवृत्त_सिस्टर_परळ

ताई, ओपीडीला सकाळी लवकर जा, रांग मोठी असते. फोटो प्रिंट काढून न्या, मोबाइल कोणी हातात घेत नाही. आणि केसपेपरवर "पॉलिहाऊसमध्ये फवारणी व तोडणी" हे शब्द लिहून घेतल्याशिवाय उठू नका. तो गप्प बसेल, तुम्ही बोला. फवारणीचे कपडे तिकडेच वेगळ्या बादलीत धुवायला सांगा, तुमच्या घरच्या कपड्यांत ते येऊ देऊ नका.

भांडुपची_ताई

सोमवारी नेते. पीक फ्लोची नळी मेडिकलवाल्याने मागवून देतो म्हटलंय. स्पायरोमेट्रीला उपाशी जावं लागतं का?

निवृत्त_सिस्टर_परळ

नाही, पण पोट टम्म भरून नको. आणि त्या सकाळी तंबाखू नको.