मदत हवी आहे: ऑनलाइन पैशांच्या खेळांच्या कायद्यात कुणी काय घालायला लावलं, हे कुठं वाचायला मिळेल?

मंडळी नमस्कार. मी निपाणीचा, तंबाखूच्या वखारीत हिशेब लिहितो.

माझ्या धाकट्या चुलतभावानं मोबाइलवर पैसे लावून रमी खेळत 1 लाख 80 हजार घालवले. काकूची बोरमाळ पतसंस्थेत गहाण पडली तेव्हा घरात कळलं. त्याच्या फोनमधली यूपीआयची यादी मी वहीत उतरवून काढली. एका रात्रीची अशी: 12.40 ला 500, 12.52 ला 500, 1.05 ला 1000, मग 200 परत आलेले, आणि लगेच पुन्हा 2000. ते 200 बघून जीव तुटला. तेवढ्याच्या आशेवर पोरगं पहाटेपर्यंत जागं होतं.

विचारलं तर म्हणतो, "दादा, रमी डोक्याचा खेळ आहे, सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय." खोटं नाही, 1967 च्या निकालात तसं आहे. पण त्याच निकालात पुढं असंही आहे की क्लबवाला त्या खेळातून नफा काढत असेल तर गुन्हा ठरू शकतो. हे दुसरं वाक्य त्याच्यापर्यंत कधी पोचलंच नाही. तिथून माझं वाचन सुरू झालं.

आपल्या कर्नाटकात अशा पैशांच्या खेळांवरची बंदी 5 ऑक्टोबर 2021 ला लागू झाली. कंपन्या आणि त्यांचा महासंघ कोर्टात गेले, 14 फेब्रुवारी 2022 ला हायकोर्टानं मुख्य कलमं रद्द केली. 2023 च्या केंद्राच्या नियमांत तर कुठला खेळ चालेल हे स्वयंनियामक संस्थांनी, म्हणजे या धंद्यानंच उभ्या केलेल्या संस्थांनी, तपासायचं होतं; तशी एकही संस्था मान्य झाली नाही. मग पैशांच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी घालणारा केंद्राचा 2025 चा कायदा: 20 ऑगस्टला लोकसभा, 21 ला राज्यसभा, 22 ला राष्ट्रपतींची मंजुरी. विधेयक येताच उद्योगाच्या तीन संघटनांनी अमित शहांना पत्र लिहिलं, की 2 लाख नोकऱ्या जातील, वर्षाला 20 हजार कोटींचा कर बुडेल. सरकार म्हणतं, 45 कोटी लोक वर्षाला सुमारे 20 हजार कोटी हरतात. दोन्हीकडं आकडा 20 हजार कोटींचाच. त्यात काकूची बोरमाळ कुठल्या बाजूला धरायची?

कंपन्यांचं आपसातही जमत नाही. गूगलनं 2022 मध्ये प्ले स्टोअरवर पैशांच्या खेळांपैकी फक्त रमी आणि फँटसी स्पोर्ट्सना (खऱ्या सामन्यांतले खेळाडू निवडून आपला संघ लावायचे खेळ) प्रायोगिक प्रवेश दिला, तेव्हा विन्झो ही ऑनलाइन खेळांची कंपनी स्पर्धा आयोगाकडं, म्हणजे बाजारातली स्पर्धा निकोप आहे का हे बघणाऱ्या सरकारी आयोगाकडं गेली. नोव्हेंबर 2024 मध्ये आयोगानं चौकशीचा आदेश दिला. दार कुणाला उघडायचं, यावर धंदा ठरत होता.

वाचनालयात पोरांसमोर हे सगळं मराठीत मांडायचं आहे. कंपन्यांनी सरकारला नेमकं काय लिहून दिलं, ते मिळेल का? आणि भावानं तक्रार कुठं करावी? स्वतः खेळला म्हणून अडकेल या भीतीनं तो गप्प बसलाय.

उत्तर (खानापूर): दादा, आधी भावाची भीती घालवा. 2025 च्या कायद्यात खेळणाऱ्याला शिक्षा नाही. खेळ चालवणाऱ्याला 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 कोटीपर्यंत दंड किंवा दोन्ही, जाहिरात करणाऱ्याला 2 वर्षांपर्यंत किंवा 50 लाख. फसवणूक झाली असेल तर सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीच्या 1930 या क्रमांकावर फोन करा, उशीर नको.

कागदांचं म्हणाल तर 2022 चा हायकोर्टाचा निकालच आधी वाचा. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद त्यातच आहेत. 2025 चं विधेयक संसदेच्या समितीकडं गेलंच नाही, त्यामुळं तिथं साक्षी सापडणार नाहीत. 2023 च्या नियमांचा मसुदा मात्र हरकतींसाठी खुला होता. त्या हरकती इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाकडं माहिती अधिकारात मागा, फी 10 रुपये. अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करायचा, म्हणजे निपाणीतून मराठीत चालणार नाही. कन्नडमध्ये लिहायचा असेल तर मी लिहून देतो.

धागाकर्ता: कन्नड मला येतं, पण सरकारी भाषेत चुकेन, तेवढं तुम्ही बघा. फोन भाऊ स्वतः करणार म्हणतोय. वहीत प्रत्येक रकमेपुढं व्यवहार क्रमांक लिहायला बसलोय, सात पानं झाली.