मदत हवी आहे: झिजलेल्या भागावरून जुन्या ट्रॅक्टरच्या गिअरची, शाफ्टची मूळ मापे कशी काढायची?

नमस्कार मंडळी,

एका जुन्या ट्रॅक्टरच्या पीटीओ (जोडलेल्या अवजाराला इंजिनची ताकद देणारा शाफ्ट) गिअरबॉक्समधला एक गिअर, त्याचा शाफ्ट आणि बुश (शाफ्ट ज्यात फिरतो ती धातूची नळी) नवे बनवून घ्यायचे आहेत. हे सुटे भाग बनणे केव्हाच बंद झाले. मॉडेलची पाटी उडालेली आहे आणि हाउसिंगवर जो नंबर उठून दिसतो तो कास्टिंगचा, पार्ट नंबर नव्हे. टर्नर आणि गिअर कापणारा, दोघेही हाताचे पक्के आहेत, पण दोघांचे म्हणणे एकच: ड्रॉइंग द्या, नाहीतर नमुना द्या. नमुना द्यायची माझी तयारी नाही. झिजलेल्या नमुन्याबरहुकूम केलेला भाग पहिल्या दिवसापासूनच झिजलेला असतो. थ्री-डी स्कॅनचा सल्लाही मिळाला, पण स्कॅनमध्येही झीज जशीच्या तशी उतरते. मला कारखान्यातून निघताना भाग जसा होता तशी मापे हवी आहेत.

आधी गिअर. सरळ दातांचा, २७ दाते, काही तुटलेले. दाते विषम असल्यामुळे व्हर्नियर आरपार लावून बाहेरचा व्यास मिळत नाही, एका जबड्याखाली दात आला की समोर खाच येते. म्हणून बोअरच्या कडेपासून दाताच्या टोकापर्यंतचे अंतर घेतले, दुप्पट केले, त्यात बोअर मिळवला. ९१.९ मिमी आले. दाते अधिक दोन, म्हणजे २९ ने भागले की ३.१६९. हेच मॉड्यूल, म्हणजे दाताच्या आकाराचे मिमीतले माप.

"मॉड्यूल ३ असेल, नाहीतर सव्वातीन" असे बऱ्याच जणांनी सांगितले, कारण शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला ६२०६ बेअरिंग आहे, ३० × ६२ × १६ मिमीचे. पण इंचातल्या यंत्रांतही बॉल बेअरिंग मेट्रिक असायचे, तेवढ्यावरून गिअर मेट्रिक ठरत नाही. ८ डीपी (डायमेट्रल पिच, म्हणजे व्यासाच्या दर इंचामागे किती दाते) धरला तर २५.४ भागिले ८, म्हणजे ३.१७५, आणि व्यास ९२.०८ मिमी. टोके घासून गोल झाली आहेत, ते पाहता हे जुळते.

खात्रीसाठी केंद्रांतर, म्हणजे दोन शाफ्टच्या मध्यांमधले अंतर, काढले. जोडीचा गिअर ४१ दातांचा आहे. दोन्ही शाफ्ट चांगल्या बेअरिंगच्या बाजूला बसवले, बाहेरून बाहेर माप घेतले आणि दोघांचे अर्धे व्यास वजा केले: १०७.९ मिमी. ८ डीपीच्या हिशोबाने ६८ भागिले १६, म्हणजे सव्वाचार इंच, १०७.९५ मिमी. मॉड्यूल ३ ला १०२ आणि सव्वातीनला ११०.५ यायला हवे होते, म्हणून ते दोन्ही बाद. गिअर कितीही झिजला तरी बेअरिंगची घरे शाबूत असतील तर केंद्रांतर हलत नाही, त्यामुळे माझा सगळ्यात जास्त भरवसा याच मापावर आहे.

अडले आहे ते प्रेशर अँगलवर, म्हणजे दाताच्या बाजूचा आकार ठरवणाऱ्या कोनावर. १४.५ अंश की २०? तीन दातांवरचे माप आणि चार दातांवरचे माप, यांतला फरक म्हणजे बेस पिच. २० अंशाला तो ९.३७ मिमी यायला हवा, १४.५ ला ९.६६. मला जागा बदलेल तसा ९.३५ ते ९.५ मिळतो. कल २० कडे आहे, पण दाते एकाच बाजूने भार घेऊन झिजलेले आहेत, आणि अंदाजाने गिअर कापून घ्यायचा नाही. हा गिअर जोडीच्या गिअरपेक्षा थोडा रुंद आहे, त्यामुळे प्रत्येक दाताच्या कडेला एक अरुंद पट्टी अजून कोरी आहे, त्यावर मूळचे घासणीचे ओरखडेही दिसतात. खरे माप तिथेच आहे. पण डिस्क मायक्रोमीटरची चकती त्या पट्टीवर नीट टेकत नाही, निसटून झिजलेल्या भागात उतरते. अशा जागी कोणी पिन लावून माप घेतले आहे का? की सिलिकॉनचा छाप घेऊन तो प्रोजेक्टरवर मोठा करून पाहणे बरे?

शाफ्टचे सोपे निघाले. बुशच्या जागी ३४.६२ मिमी भरतो, पण सीलच्या पलीकडे, जिथे काहीच घासत नाही, तिथे ३४.९१. म्हणजे मूळ एक इंच तीन सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग), ३४.९२५.

बुशचे मात्र तसे नाही. तो कधीतरी हाउसिंगमध्येच फिरला आहे. हाउसिंगचे भोक एका दिशेने ४१.३५ आणि आडवे ४१.६ आहे. मूळ एक इंच पाच सूत, म्हणजे ४१.२७५ असावे असा माझा हिशोब, कारण मग बुशची जाडी बरोबर एक सूत बसते. आता भोक गोल करायचे तर ते मोठे करावे लागणार आणि बुशही बाहेरून जाड घ्यावा लागणार. बिडाच्या हाउसिंगमध्ये फॉस्फर ब्राँझचा बुश या व्यासाला किती घट्ट ठेवता? दाबून बसवला की बुश आतून आवळतो, म्हणून शेवटचे रीमिंग (भोक नेमक्या मापाला साफ करणे) बसवल्यावर करणार आहे. आतली मोकळीक इंचाला एक थाऊ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे साधारण ०.०३५ मिमी. पीटीओच्या भाराला ती पुरेल का?

कागदोपत्री काय शोधावे हेही सांगा. पार्ट्स बुकात चित्रे आणि नंबर असतात, मापे नसतात. वर्कशॉप मॅन्युअलमध्ये मोकळीक आणि झिजेची मर्यादा मिळते, दातांचा तपशील क्वचितच. नेब्रास्काच्या ट्रॅक्टर चाचण्यांचे १९२० पासूनचे अहवाल पाहा असे सुचवले गेले, पण त्यांत ताकद, इंधन, वेग असतो, भागांची मापे नाहीत. रेडिंग विद्यापीठाच्या ग्रामीण जीवन संग्रहालयात ब्रिटिश कृषी यंत्र कंपन्यांची कागदपत्रे आहेत, विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीकडे इंटरनॅशनल हार्वेस्टरचा संग्रह आहे. अशा ठिकाणाहून एखाद्या भागाचे मूळ ड्रॉइंग कोणी मिळवले आहे का? अर्जात कास्टिंग नंबर दिला तर चालतो का?

शेवटचा प्रश्न धातूचा. २० एमएनसीआर ५ हे पोलाद घेऊन केस हार्डनिंग (फक्त बाहेरचा थर कडक करणे), ५८ ते ६२ एचआरसी (कडकपणाचे रॉकवेल माप), असा विचार आहे. पण ४१ दातांचा जोडीदार जुनाच ठेवायचा आहे. त्याच्यावर एवढा कडक नवा गिअर चालवावा, की जोडीच बदलावी? ज्यांनी नवा गिअर जुन्या जोडीदारावर चालवला असेल त्यांनी, वर्षभराने दाते उघडून पाहिले तेव्हा काय दिसले, एवढे जरूर लिहा.