जेनिफर जोन्स म्हणजे एक फ्लूक आणि एक हकालपट्टी? (दगडधोंडे यांना उत्तर)

हॅमरवाली
कर्लिंग (बर्फावरून दगड सरकवत रिंगणात बसवायचा खेळ) मधली 'सर्वांत भारी स्किप (कर्णधार) कोण' या धाग्यावर दगडधोंडे यांनी तीन ओळींत कॅनडाच्या जेनिफर जोन्सचा निकाल लावला: 2005 चा शॉट फ्लूक, 2010 मध्ये जुन्या थर्डला (संघातली तिसरी खेळाडू, स्किपचा उजवा हात) हाकललं म्हणून 2014 चं सोचीचं ऑलिंपिक सोनं पदरात पडलं, आणि 2022 ला बीजिंग ऑलिंपिकमध्ये पितळ उघडं पडलं. तिथं उत्तर लिहायला बसले तर ते मूळ धाग्याहून लांबायला लागलं, म्हणून वेगळी चूल.

आधी फ्लूक. सेंट जॉन्स, स्कॉटीजची (कॅनडाची महिलांची राष्ट्रीय स्पर्धा) फायनल, दहावा म्हणजे शेवटचा एंड (डाव). ओंटारियोची जेन हॅना 6-4 नं पुढे, हॅमर (एंडचा शेवटचा दगड) मॅनिटोबाकडे, म्हणजे जोन्सकडे. हॅनाचा दगड घरात (रिंगणात), पुढे गार्डांची (आड ठेवलेल्या दगडांची) गर्दी, सरळ वाट नाही. जोन्सनं घराबाहेर कडेला पडलेल्या ओंटारियोच्याच दगडावर आपला दगड घातला, तिथून तो आत वळला आणि त्यानं हॅनाचा दगड उडवला. चार गुण, 8-6.

समोरच्याच्या सर्वांत जवळच्या दगडापेक्षा मध्याजवळ असलेल्या आपल्या प्रत्येक दगडाला एक गुण. आता शेवटच्या एका दगडावर चार गुण कधी मिळतात? आपले निदान तीन दगड आधीच मोजणीत बसतील असे घरात पडलेले असतात तेव्हा. ते तीन काय आभाळातून पडले? तेव्हा चार दगडांचा नियम होता. पुढचे गार्ड पाचव्या दगडाशिवाय हलवता येत नव्हते. दोन गुणांनी मागे असलेल्या संघानं कडेला गार्ड लावायचे, आत दगड विखरून ठेवायचे आणि समोरच्याला सगळं साफ करू द्यायचं नाही, हे त्या एंडचं खरं काम. शेवटचा दगड म्हणजे त्या कामाची नुसती वसुली.

आणि इन-ऑफ (दुसऱ्या दगडावर आपटून आत वळणारा शॉट) हा काय डोळे मिटून मारायचा शॉट आहे? दगड 29 सेंटीमीटर रुंद. समोरच्या दगडावर अर्ध्या जाडीनं लागला, तर मारणारा दगड साधारण 60 अंशात वळतो आणि त्याचा वेग निम्म्यावर येतो. म्हणजे निम्म्या वेगातही पुढचं काम होईल इतका जोर सुरुवातीलाच हवा. पण जोर वाढवला की कर्ल (दगडाचं वळण) कमी होतो, म्हणून स्किपनं नेमासाठी झाडू दाखवायची जागाही बदलते. पहिल्या दगडावर जाडीत दोन सेंटीमीटरची चूक झाली, तर दोन मीटर पुढे पंधरा-सोळा सेंटीमीटरचा फरक पडतो. याला फ्लूक म्हणायचं असेल तर कॅरममधला रिबाउंडही फ्लूकच म्हणा.

दगडधोंडे
हॅमरवालीताई, भूमिती छान मांडलीत, फक्त अर्धीच मांडलीत. दुसरा दगड 29 सेंटीमीटरचा, मारणाराही 29 चा. म्हणजे लागण्यासाठी 58 सेंटीमीटरची खिडकी आहे. तुमचे पंधरा-सोळा त्यात आरामात बसतात. शिवाय चार लागतच नव्हते, तीन मिळाले असते तरी 7-6 नं सामना खिशात होता. शॉट अवघड होता, मान्य. अशक्य नव्हता. वीस वर्षं तोच एक तुकडा दाखवून माणसं डोळे पुसतात, माझा राग त्यावर आहे.

त्याच वर्षी पेझलीच्या वर्ल्डला (जागतिक स्पर्धेला) काय झालं ते कुणी दाखवत नाही. पदकाविना परत. 2008 ला व्हर्ननमध्ये सोनं, 2009 ला चौथी, 2010 ला कांस्य, 2015 ला सापोरोत अलिना पेट्झकडून 5-3 नं फायनल हरली, 2018 ला पुन्हा सोनं. सहा राष्ट्रीय विजेतेपदं आणि त्यातून दोन वर्ल्ड. सँड्रा श्मिरलर तीनदा कॅनडा जिंकली आणि तिन्ही वेळा (1993, 1994, 1997) वर्ल्डही जिंकूनच आली. वर 1998 चं नागानोचं ऑलिंपिक सोनं. आता बोला.

गार्डमास्तर
+१. घरात वाघ, बाहेर मांजर.

हॅमरवाली
मांजर? सोचीत 11-0. महिलांमध्ये ऑलिंपिक एकही सामना न हरता जिंकणारी पहिली स्किप. 2018 ला नॉर्थ बेच्या वर्ल्डला 14-0, आणि फायनलला समोर तेव्हा नुकतंच ऑलिंपिक सोनं घेतलेली ॲना हॅसेलबोर्ग, 7-6, जादा एंड. असल्या मांजरी सगळ्यांना मिळोत.

ओव्हरटनभक्त
आकडे चालू द्या तुमचे. मला एकच सांगा, कॅथी ओव्हरटन-क्लॅपमला का काढलं?

2008, 2009, 2010, लागोपाठ तीन वर्षं कॅनडा जिंकलेला संघ. थर्ड म्हणून जिनं हे सगळं उभं केलं, स्किपच्या प्रत्येक दगडाला घरात उभं राहून झाडू धरला, तिला सीझन संपल्यावर नारळ. तिच्या जागी आली ज्युनियरमधून नुकतीच वर आलेली केटलिन लॉज. मग 2011 ला काय झालं? कॅथीनं स्वतःचा संघ बांधला, मॅनिटोबा जिंकली आणि शार्लटटाउनला राउंड रॉबिनमध्ये जोन्सलाच हरवलं. त्या वर्षी जोन्स फायनलमध्ये सास्काचेवानच्या अँबर हॉलंडकडून 8-7 नं हरली. देव बघतो म्हणतात ते हेच.

हॅमरवाली
देवानं 2014 ला डोळे मिटले होते वाटतं.

विनिपेगकर
भक्तसाहेब, भावना बाजूला ठेवून संघाचं काम बघा. थर्ड पाचवा आणि सहावा दगड टाकते. बाकी वेळ ती एक तर झाडू मारते किंवा स्किपचे दगड घरातून वाचते. 2010 पर्यंत या संघाचा खेळ ड्रॉ (दगड हळूच घरात थांबवणं) आणि गर्दीवर होता. लॉज आल्यावर मधल्या दगडांत जोर आला: दोन दगड उडवायचे, आपला जागेवर ठेवायचा. सोचीची फायनल पुन्हा पाहा. आठ एंडनंतर कॅनडा 4-3 नं पुढे, नवव्यात हॅमर स्वीडनकडे. स्वीडनचे शेवटचे दगड मारिया प्रित्झ टाकायची, स्किप सिगफ्रिडसन लीडचे, म्हणजे पहिले दोन. कॅनडानं आत दगड साचवले, प्रित्झचा शेवटचा फसला, दोन गुणांचा स्टील (हॅमर समोरच्याकडे असताना घेतलेले गुण), 6-3. असा स्टील तिसऱ्या-चौथ्या दगडापासून रचावा लागतो. जिल ऑफिसर सेकंड आणि डॉन मॅकयुअन लीड होत्या म्हणून तो रचला गेला, एकट्या लॉजमुळे नव्हे.

निर्णय कडवट होता, पण चूक नव्हता. लॉजनं पुढे 2018 ला जॉन मॉरिसबरोबर मिक्स्ड डबल्सचं ऑलिंपिक सोनंही घेतलं.

ओव्हरटनभक्त
चूक होता की नाही हे मी म्हटलंच नाही. कसा घेतला हे म्हणतोय. पण इथे सोनं दिसलं की सगळे सोनार होतात.

मिलीमीटर
मला बीजिंगवर बोलायचंय, कारण दगडधोंडे यांचं 'पितळ उघडं पडलं' वाचून डोकं फिरलं.

कॅनडा 5-4, ग्रेट ब्रिटन 5-4, जपान 5-4. उपांत्य फेरीच्या उरलेल्या जागा दोन. कॅनडानं ब्रिटनला 7-3 नं हरवलेलं, जपाननं कॅनडाला 8-5 नं, ब्रिटननं जपानला 10-4 नं. गोल फिरून तिघी तिथल्या तिथं. 2018 पर्यंत अशा वेळी टायब्रेकर सामना व्हायचा. प्योंगचँगला पुरुषांत ब्रिटन आणि स्वित्झर्लंड असेच खेळले होते. 2022 ला सामना बंद आणि डीएससीवर (सामन्याआधी टाकलेले दगड मध्यापासून सरासरी किती लांब राहिले तो आकडा) निकाल. ब्रिटन 35.27 सेंटीमीटर, जपान 36.00, कॅनडा 45.44. बस. घरी जा. त्याच ब्रिटननं, जिला कॅनडानं 7-3 नं धुतलं होतं, पुढे जपानला 10-3 नं हरवून सोनं नेलं.

दहा सेंटीमीटर म्हणजे दगडाच्या रुंदीचा तिसरा हिस्सा. यावर चार वर्षांची मेहनत तोलायची?

गार्डमास्तर
नियम सगळ्यांना सारखा होता. आधीपासून माहीत होता. रडगाणं.

मिलीमीटर
माहीत असणं वेगळं आणि योग्य असणं वेगळं. डीएससी बनतो कशातून? प्रत्येक सामन्याआधी सराव संपला की लगेच दोन दगड टाकायचे, एक घड्याळाच्या दिशेनं फिरणारा, एक उलट. बटनाच्या (घराच्या केंद्राच्या) मध्यापासून अंतर मोजायचं. त्यावर त्या दिवशीचा हॅमर ठरतो, आणि स्पर्धाभराच्या आकड्यांतला सर्वांत वाईट वगळून सरासरी काढली की डीएससी.

आता हे ताज्या पेबलवर (बर्फावर शिंपडून गोठवलेल्या थेंबांच्या टोकांवर) होतं. ताज्या पेबलवर दगड अडतो. दोन-तीन एंड खेळून टोकं झिजली की तीच लेन पळायला लागते. सामन्यात स्किपची खरी परीक्षा असते बदलत्या बर्फाचा वेग ओळखण्याची. सातव्या एंडला कोणती रेघ मेली, कुठं दगड सरळ चाललाय, कुठं जास्त घेतोय. डीएससीत यातलं काहीच मोजलं जात नाही. तो मोजतो रिकाम्या घरात, गार्ड नसताना, प्रतिस्पर्धी नसताना टाकलेला ड्रॉ. पोहण्याच्या शर्यतीचा निकाल बादलीत पाय बुडवून लावण्यासारखं आहे.

दगडधोंडे
बादली झकास. पण ड्रॉ हाच तर कर्लिंगचा पाया. रिकाम्या घरात बटन गाठता येत नसेल तर भरल्या घरात काय गाठणार? आणि झाडू मारायला दोघी असतात. अंदाज हवा, झाडूवाल्यांनी लवकर ओळखायला हवं. दगड टाकताना बॅकलाइन ते हॉगलाइन या दोन रेषांमधली वेळ मोजतात कशाला मग? 3.8 सेकंदाला टाकायचा दगड 3.7 ला गेला तर तो मागे निघून जाणार हे अर्ध्या लेनवरच कळतं, झाडू उचलायचा. 3.9 ला गेला तर पहिल्या फुटापासून घासायचं. ही रोजची कामं आहेत. जोन्सची ती कमी पडली, ब्रिटनची नाही पडली.

विनिपेगकर
एक दुरुस्ती. ते दगड नेहमी स्किपच टाकते असं नाही. डीएससी हा संघाचा आकडा आहे, जोन्सचा खासगी नव्हे.

दगडधोंडे
अरे वा. म्हणजे सोचीचं 11-0 जोन्सचं आणि बीजिंगचे 45.44 संघाचे. हिशेब कळला.

विनिपेगकर
तुमचं उलटं आहे, सोची लॉजचं आणि बीजिंग जोन्सचं. एकाच तराजूत तोलायचं ठरवा, मग बोलू.

मिलीमीटर
मूळ मुद्दा टाळू नका. टायब्रेकर सामना काढला का? वेळापत्रकासाठी. अर्धा दिवस वाचतो, प्रक्षेपणाला सोयीचं पडतं. खेळासाठी नाही.

गार्डमास्तर
मिलीमीटर, तुमचा हा चौथा धागा डीएससीवर. शीर्षक जोन्सचं आहे. आणि नऊ सामन्यांत चार हरल्यावर सेंटीमीटरची वेळ येतेच. चीनकडून जादा एंडमध्ये हरले नसते तर पट्टी काढावीच लागली नसती.

मिलीमीटर
तुम्ही तर '+१' पलीकडे या धाग्यात काही घातलेलं नाही. निदान दुसऱ्याचं मोजू नका.

हॅमरवाली
दोघंही थांबा, नाहीतर संपादक कुलूप लावतील. चीनवाला मुद्दा मला मान्य आहे, आणि तो गार्डमास्तरांकडून आला याचं जास्त दुःख आहे. बीजिंगला कॅनडा सुरुवातीच्या एंडांत बर्फ वाचण्यात मागे पडत होता. डीएससी अन्यायी आहे हे खरं, आणि त्या संघानं स्वतःला तिथवर नेलं हेही.

पण दगडधोंडे, एक गोष्ट तुम्ही सोयीनं गाळता. 2022 नंतर जोन्सनं काय केलं? वय 48. मॅकेन्झी झकारायसच्या पोरींच्या संघात, 2020 च्या ज्युनियर वर्ल्ड विजेत्या, जाऊन स्किप झाली. 2023 ला कॅमलूप्सच्या स्कॉटीज फायनलमध्ये केरी एनरसनकडून हरली, 2024 ला कॅल्गरीत रेचल होमनकडून 5-4 नं. दोन सीझन, दोन फायनल. त्यात 2018 पासून चारऐवजी पाच दगडांचा नियम आलेला, आणि जोन्स चारच्या नियमात मुरलेली. एका जादा दगडानं काय बदलतं ते तुम्हाला माहीत आहे: पुढे असलेल्या संघाला गार्ड उडवायला एक दगड उशिरा मिळतो, म्हणजे दोन गुणांची आघाडी पूर्वीइतकी सुरक्षित राहत नाही. सवयीचं सगळं डावपेचाचं पुस्तक पुन्हा लिहायचं, तेही त्या वयात. हे फ्लूकवाल्याला जमतं?

ओव्हरटनभक्त
आणि झकारायसला स्किपवरून खाली उतरवलं. बघा, या बाईच्या संघात दुसऱ्याची जागा कायमची चर्चेतच.

हॅमरवाली
भक्तसाहेब, जबरदस्ती कुणी केली नव्हती.

दगडधोंडे
बरं. लिहून घ्या, परत मागू नका: 2005 चा एंड बांधलेला होता, फ्लूक शब्द मागे. 2024 ला 5-4 नं हरणं ही होमनसमोर नामुष्की नाही, होमननं त्यानंतर (कॅनडातल्याच) सिडनीत आणि पुढच्या वर्षी कोरियातल्या उइजोंगबूत वर्ल्डच जिंकलं. 2019 ला टीएसएन या कॅनडातल्या क्रीडावाहिनीच्या जाणकारांनी जोन्सला कॅनडाची सर्वांत भारी महिला कर्लर ठरवलं होतं, तेही मला माहीत आहे. पण जाणकारांनी मत दिलं म्हणून मीही द्यायला हवं असं नाही. माझ्या यादीत श्मिरलर पहिली. तिच्या वाट्याला वयाची छत्तीस वर्षंच आली. जोन्सला पन्नाशीपर्यंत खेळायला मिळालं. लांबी आणि उंची वेगळी.

विनिपेगकर
ही तुलना न्याय्य आहे. उत्तर नाही माझ्याकडे.

मिलीमीटर
श्मिरलरच्या काळात डीएससी नव्हता.

गार्डमास्तर
+१. (मोजून घ्या.)