मार्सेयच्या कालांक आणि वेर्दोंची घळ: आई-बाबांसोबत पायी कितपत जमेल?

सातारकर_जर्मनीत
नमस्कार मंडळी, सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई-बाबा येतायत, पॅरिस-स्वित्झर्लंड त्यांचं मागच्या खेपेला झालंय म्हणून यंदा गाडी काढून साउथ फ्रान्स ठरवलंय. मार्सेय आणि कासीच्या मधल्या त्या कालांक, म्हणजे पांढऱ्या कड्यांमधून समुद्र आत घुसलेल्या चिंचोळ्या खाड्या, त्या बोटीतून नाही तर चालत बघायच्यात आणि जमलं तर वेर्दोंच्या घळीत पण उतरायचंय. बाबा ६३ चे पण अजून रोज सकाळी अजिंक्यतारा चढून येतात, सांदण दरी झालीय त्यांची, आईचे गुडघे मात्र बोलतात. वाटेत पाणी मिळतं का? स्टोव्ह नेला तर चहा-मॅगी करता येईल का, आणि एक रात्र खाडीत तंबू टाकून राहिलो तर चालतं का? बाबांचं म्हणणं आहे की चुनखडी म्हणजे मऊ दगड, आपल्या काळ्या कातळापुढे काय त्याचं. कोणी जाऊन आलंय का?

मार्सेयवाली
स्टोव्ह घरीच ठेवा, तंबू पण. २०१२ पासून हे नॅशनल पार्क आहे, आग पेटवायची नाही, मुक्काम करायचा नाही, सिगारेटसुद्धा नाही. आणि हे नुसतं कागदावर नाहीये, उन्हाळ्यात इथली झुडपं इतकी वाळलेली असतात की एक ठिणगी आणि वर मिस्त्राल वारा एवढं पुरतं. म्हणूनच १ जून ते ३० सप्टेंबर रोजच्या धोक्याप्रमाणे डोंगर उघडा की बंद ते सरकार ठरवतं, आदल्या दिवशी संध्याकाळी कळतं, पार्कच्या ॲपवर रंग दिसतो, लाल असेल तर विषय संपला. तुमच्या तारखा यातच येतात त्यामुळे कासीला किमान दोन दिवस हाताशी ठेवा, एकाच दिवसावर सगळा प्लॅन टांगू नका. सुजितों नावाच्या खाडीत जायचं मनात असेल तर अजून एक भानगड, तिथे २०२२ पासून गर्दीच्या दिवसांना आधी बुकिंग लागतं, फुकट आहे पण दिवसाला फक्त ४०० माणसं. त्याआधी अडीच हजारापर्यंत लोक एका दिवसात उतरायचे आणि पायाखाली माती वाहून जाऊन पाइनची मुळं उघडी पडली होती, त्यामुळे मला तरी हा नियम पटतो.

वाट म्हणाल तर कासीहून सुरू करा. आधी पोर-मियूची खाडी, तिथे नुसत्या होड्या लागलेल्या असतात आणि जुन्या दगडखाणी दिसतात, मग पोर-पँ. कासीतून तासाभरात पोर-पँ येतं, छोटासा बीच, पाइनची सावली, इथपर्यंत आईपण हळूहळू येतील. पुढचं आँ-वो सगळ्यात देखणं आहे यात वाद नाही पण तिथला उतार खडा आहे, घसारा आहे आणि मधेमधे हात टेकून उतरावं लागतं. आईंना पोर-पँला बसवा, बाबा आणि तुम्ही जाऊन या.

पाणी: वाटेत थेंबही नाही. माणशी किमान दोन लिटर, ऊन असेल तर तीन.

दगडवेडा
बाबांना माझा नमस्कार सांगा आणि हे पण सांगा की इथला चुनखडीचा दगड मऊ वगैरे काही नाही, याच खाणींचा दगड बंदरांच्या धक्क्यांना वापरलेला आहे. पण खरा फरक कडकपणात नाहीच, पाण्यात आहे. आपल्याकडे बेसॉल्ट पाणी धरून ठेवतो म्हणून गडावर टाकी खोदली की उन्हाळ्यापर्यंत पाणी पुरतं आणि आपल्याला सवय लागते की वर कुठेतरी टाकं असेलच. चुनखडीत उलटं होतं, पावसाचं किंचित आम्लधर्मी पाणी भेगांमधून दगड विरघळवत खाली जातं, भेगांच्या नळ्या होतात, नळ्यांच्या गुहा, वर सगळं कोरडं ठणठणीत आणि नदी जमिनीच्या पोटात. ती नदी बाहेर कुठे येते माहितीय? पोर-मियूला, समुद्राच्या पातळीखाली! पाणबुडे त्या भुयारात २०० मीटरपेक्षा खोल जाऊन आलेत. मार्सेयच्या आसपास पाण्याची टंचाई म्हणून १९७० च्या दशकात भुयारात बंधारा घालून गोडं पाणी वेगळं काढायचा प्रयत्न पण झाला, पाणी मचूळच राहिलं, कारण खारं पाणी फार खोलातून मिसळतं. एवढ्या खोल नळ्या कोरल्या गेल्या कारण साधारण ५९ ते ५३ लाख वर्षांपूर्वी भूमध्य समुद्र अटलांटिकपासून तुटून बराचसा आटला होता, नद्यांनी त्या खाली गेलेल्या समुद्राच्या मापाने दगड कापला आणि मग समुद्र परत भरला.

दुसरं म्हणजे ग्रिप. आपला कातळ कोरडा असला की बूट चिकटतो, घसरतो तो पावसाळ्यात शेवाळावर. इथे हजारो पाय पडलेला चुनखडीचा दगड भर उन्हात, कोरडा असताना घसरतो, देवळाच्या उंबऱ्यासारखा चकचकीत झालेला असतो. आँ-वोच्या उतारावर जिथे दगड चमकताना दिसेल तिथे पाय न देता बाजूच्या खरखरीत भागावर द्यायचा. सोल घासलेले बूट आणू नका.

फिरस्ता_नाशिक
मस्त माहिती. फोटोत पाणी एवढं निळंशार दिसतंय, सप्टेंबरमध्ये पोहता येत असेल ना?

मार्सेयवाली
येतं, पण आधी वारा बघायचा. मिस्त्राल जमिनीवरून समुद्राकडे वाहतो, तो वरचं कोमट पाणी किनाऱ्यापासून लांब ढकलतो आणि खालचं गार पाणी वर येतं, भर उन्हाळ्यातसुद्धा एका दिवसात पाणी २२-२३ वरून १५-१६ डिग्रीवर आलेलं असतं. आकाश स्वच्छ निळं म्हणून धावत जाऊन उडी मारणारे टुरिस्ट ओरडत बाहेर येतात, बघायला मजा येते खरं तर 😄

सातारकर_जर्मनीत
बापरे, टाक्याचं डोक्यातच नव्हतं आलं. सगळ्यांचे आभार. डोंगर बंद निघाला तर काय करायचं? आणि वेर्दोंचं कोणी सांगेल का, बाबांनी व्हिडिओ बघून ठेवलेत आणि आता ऐकत नाहीयेत.

मार्सेयवाली
बंद असेल तर मार्सेयला कोस्केर गुहेची प्रतिकृती बघा, २०२२ ला उघडली. मूळ गुहा याच कालांकमध्ये आहे, तिचं तोंड आता पाण्याखाली ३७ मीटरवर. हिमयुगात समुद्र १०० मीटरहून जास्त खाली होता तेव्हा माणसं चालत आत जायची, भिंतीवर घोडे, सील आणि चक्क पेंग्विनसारखे पक्षी काढून ठेवलेत.

ल्योनचा_भटक्या
वेर्दोंची ब्लां-मार्तेल वाट बाबांना जमेल असं वाटतं, पण सांदण समजून जाऊ नका. मालीनच्या शालेपासून (डोंगरातल्या विश्रामगृहापासून) प्वँ स्युब्लीम या टोकापर्यंत सहा-सात तास लागतात आणि एकदा खाली उतरलं की मधून वर यायला सोपी वाट नाही. ब्रेश आंबेर या खिंडीत २५० च्या वर लोखंडी पायऱ्या आहेत, खड्या आणि उघड्यावर, उंचीची भीती नसेल तर काहीच नाही. शेवटाकडे बोगदे लागतात, जुन्या अर्धवट सोडलेल्या जलविद्युत प्रकल्पाचे, मोठा ६०० मीटरहून लांब आहे, आत मिट्ट काळोख आणि पायाखाली डबकी, तेव्हा प्रत्येकी एक हेडटॉर्च, मोबाईलच्या उजेडावर नको. ज्याच्या नावाची ही वाट आहे तो गुहा-संशोधक मार्तेल १९०५ मध्ये होड्या घेऊन ही घळ पहिल्यांदा पूर्ण पार करून गेला तेव्हा ना पायऱ्या होत्या ना काही.

नदीत पाय बुडवायला थांबाल तेव्हा पात्राच्या मधल्या दगडांवर जाऊन डबे उघडू नका. वर धरणं आहेत, वीज तयार करायला पाणी सोडतात आणि आभाळ कोरडं असतानाही पातळी अचानक वाढते. तसे बोर्ड लावलेत तिथे.

गाडी एका टोकाला राहते आणि तुम्ही दुसऱ्या टोकाला बाहेर पडता, शटल बस रोज नसते, तुमच्या तारखांचं वेळापत्रक आधी बघा, नाहीतर गाडी आईंकडे ठेवता येईल, त्या चालवतात का?

सातारकर_जर्मनीत
आई चालवते पण इकडे उजव्या बाजूने नाही चालवणार. बायको येतेय, ती आईला घेऊन फिरेल. त्यांना काय दाखवू?

ल्योनचा_भटक्या
मग उत्तमच. ला पाल्यू गावातून रूट दे क्रेत धरायला सांगा, वीसेक किलोमीटरचा गोल आहे, जागोजागी थांबून सातशे मीटरपर्यंत खोल घळ वरून बघता येते, चालायचं जवळजवळ काहीच नाही. गिधाडं दिसतील, १९९९ पासून तिथे परत आणून सोडलीत, आपल्याकडे गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने किती गेली ते आठवतं आणि इथे डोक्यावरून थवेच्या थवे जातात. फक्त एक, याच नावाचा रस्ता कासीला पण आहे, काप कनायच्या ३९४ मीटरच्या कड्यावरून ला सिओताला जाणारा, तोही छान आहे पण तिथून ला पाल्यू अडीच तासांवर. मॅपवर टाकताना गावाचं नाव टाका.