उद्यानाच्या कोपऱ्यात स्केटपार्क : श्रमदान कुठपर्यंत पुरते?

कोपऱ्यातला_रॅम्प (कोल्हापूर) यांचा प्रश्न

नमस्कार. आमच्या वसाहतीच्या उद्यानात साधारण १२ मीटर बाय १८ मीटरचा एक कोपरा कित्येक वर्षे पडून आहे. तेथील घसरगुंडीचा सांगाडा केव्हाच गंजून गेला. पावसाळ्यात गाजरगवत माजते आणि उन्हाळ्यात दुचाक्या लागतात. वसाहतीतील पंधरा-वीस मुलेमुली रोलर स्केटिंग शिकली आहेत. त्यांतील सात-आठ जण टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये स्केटबोर्डिंग पाहिल्यापासून त्या खेळाकडे वळले असून, अपार्टमेंटच्या पार्किंगखेरीज त्यांना सरावाला जागा नाही. तेथे रोज कोणाच्या ना कोणाच्या गाडीला ओरखडा जातो आणि रोज एक भांडण होते.

या कोपऱ्यात लोकवर्गणी आणि श्रमदान यांतून लहानसा स्केटपार्क करावा, असे आम्ही काही पालकांनी ठरवले आहे. उद्यान महापालिकेचे आहे आणि संबंधितांनी तोंडी होकार दिला आहे. जमीन काळी आहे. रॅम्प प्लायवुडचे करावेत की काँक्रीटचे, हे ठरत नाही. गणपतीत मंडप उभारणारी आमची तरुण मुले कष्टाला मागे हटणारी नाहीत. परंतु सगळेच काम त्यांच्या हातून होईल का, याविषयी मला शंका आहे. शिवाय सकाळी फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांचा विरोध आहे. ज्यांनी असे काही केले किंवा पाहिले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ओळंबा_आणि_थापी यांचे उत्तर

आयुष्यभर बांधकामावर उभा राहिलेला माणूस म्हणून लिहितो. स्केटबोर्डवर मी कधी पाय ठेवलेला नाही, परंतु आपला प्रश्न खेळाचा कमी आणि जमिनीचा जास्त आहे.

काळी माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आकसून भेगाळते. तिच्यावर थेट काँक्रीट ओतले तर पहिल्या पावसाळ्यानंतर स्लॅब एका बाजूने उचललेला दिसेल. म्हणून आधी किमान दोन फूट काळी माती काढून टाकावी लागेल आणि तिच्या जागी मुरूम भरावा लागेल. तोही एकदम ओतून नव्हे, तर १५ सेंटीमीटरचा थर, त्यावर पाणी, त्यावर धुम्मसाने कुटाई, मग पुढचा थर, अशा क्रमाने. त्यावर दगडी सोलिंग (हाताने रचलेला दगडांचा थर), मग पीसीसी (गजांशिवायचे साधे काँक्रीट) आणि शेवटी ८ मिलिमीटर गजांची जाळी टाकून १२५ मिलिमीटरचा एम-२५ प्रतीच्या (ही काँक्रीटच्या ताकदीची प्रत) काँक्रीटचा स्लॅब. माती काढणे, मुरूम पसरणे आणि सोलिंग रचणे ही कामे श्रमदानातून उत्तम होतात. मुलांच्या अंगातील रग येथे पूर्ण वापरा.

श्रमदान थांबते ते काँक्रीट येईल त्या दिवशी. सगळा कोपरा न घेता १० बाय १६ मीटरच घेतलात तरी स्लॅबला २० घनमीटर काँक्रीट लागेल, म्हणजे ट्रान्झिट मिक्सरच्या (तयार काँक्रीट आणणाऱ्या फिरत्या ड्रमच्या ट्रकच्या) चार खेपा. प्रत्येक खेप प्लँटवर कालवल्यापासून दोन तासांच्या आत जागेवर रिकामी करून पसरावी लागते, आणि पुढचे तीन-चार तास ज्याच्या हाताला थापी बसलेली आहे असाच माणूस पृष्ठभागावर हवा. स्केटबोर्डचे चाक जेमतेम ५०-५४ मिलिमीटर व्यासाचे आणि टणक असते, असे मला माझ्या नातवाने दाखवले. त्या चाकाला गवंड्याने सोडलेला प्रत्येक उंचवटा जाणवणार. तेव्हा चांगले दोन गवंडी पैसे देऊन लावा. येथे काटकसर केलीत तर पुढे ती दुरुस्त करता येत नाही. घोटलेल्या स्लॅबवर नंतर लावलेला सिमेंटचा पातळ लेप वर्षभरात पोपडे धरतो.

आणखी दोन गोष्टी. सांधे यंत्राने कापून घ्यावेत, दुसऱ्या दिवशी सकाळच्या आत, साडेतीन मीटरपेक्षा जास्त अंतर न ठेवता आणि ३० मिलिमीटर खोल. अन्यथा काँक्रीट स्वतःच्या मर्जीने तडकेल. आणि पाणी किमान दहा दिवस मारा, शक्यतो चौदा. सपाट भागावर वाफे करून पाणी धरता येते, परंतु उतारावर ते थांबत नाही, म्हणून तेथे ओले गोणपाट पसरावे. हे काम पुन्हा मुलांचे. पाळ्या लावून द्या.

काम दिवाळीनंतर सुरू करून फेब्रुवारीत संपवा. आणि कोणी कितीही सांगितले तरी जमिनीखाली जाणारा, वाडग्यासारखा खोलगट खड्डा स्केटिंगसाठी खोदू नका. कोल्हापूरच्या पावसात त्याचा हौद होईल, आणि मग मुलांऐवजी डास सराव करतील. जे करायचे ते जमिनीच्या वर करा, आणि संपूर्ण पृष्ठभागाला १०० ला १ इतका तरी उतार द्या.

पंचगंगेचा_पोरगा (सध्या बेंगळुरू) यांचे उत्तर

मूळचा मंगळवार पेठेतला आहे, येथे दहा वर्षांपासून स्केटबोर्डिंग करतो. काकांनी लिहिलेले सगळे खरे आहे. मी खेळणाऱ्याच्या बाजूने भर घालतो.

प्लायवुडचा विचार सोडून द्या. छपराखाली ते ठीक आहे. उघड्यावर आपल्याकडचे दोन पावसाळे काढले की कडा फुगतात, स्क्रू वर येतात आणि त्यावर पडणारे मूल रक्तबंबाळ होते.

रॅम्प उंच करण्याचा मोह सगळ्यांना होतो, कारण वर्गणी देणाऱ्याला उंची दिसते. शिकणाऱ्या मुलांना ती नको असते. दोन टोकांना समोरासमोर ९० सेंटीमीटर उंचीचे दोन क्वार्टर पाइप (वक्राकार चढत जाणारे रॅम्प) पुरेत. वक्राची त्रिज्या १८० सेंटीमीटर धरली तर प्रत्येक रॅम्प जमिनीवर साधारण १५६ सेंटीमीटर व्यापतो. मागे उभे राहायला १२० सेंटीमीटरचा कट्टा धरला, तरी १६ मीटरच्या लांबीत मध्ये दहा मीटरहून अधिक सपाट जागा उरते. त्या सपाट जागेत एक गुडघ्याच्याही खालचा ठोकळा आणि एक हलका उतार ठेवा, बाकी काही नको. नवशिका मुलगा पहिले सहा महिने सपाट जागेवरच असतो.

लोकांनी स्वतः बांधलेले स्केटपार्क ही नवी गोष्ट नाही. अमेरिकेतील पोर्टलंड शहरात बर्नसाइड पुलाखाली स्केटबोर्ड खेळणाऱ्यांनी १९९० मध्ये परवानगीशिवाय काँक्रीट ओतायला सुरुवात केली आणि शहराने नंतर ते मान्य केले. परवानगीच्या बाबतीत त्यांचे अनुकरण करू नका. आपल्याला अधिक जवळचे उदाहरण मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यात आहे. जनवार नावाच्या खेड्यात उलरीके राइनहार्ड या जर्मन बाईंच्या पुढाकाराने २०१५ मध्ये स्केटपार्क सुरू झाला आणि तेथे सुरुवातीपासून दोनच नियम ठेवले गेले : शाळा बुडवली तर बोर्ड मिळणार नाही, आणि मुलींना आधी संधी. दुसरा नियम आपल्या उद्यानातही पहिल्या दिवसापासून लावा. तो नंतर लावता येत नाही, कारण तोपर्यंत मोठ्या मुलांनी जागा आपली करून घेतलेली असते. महाराष्ट्राच्या श्रद्धा गायकवाड हिने २०२२ च्या गुजरातमधील राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत स्केटबोर्डिंगच्या स्ट्रीट (पायऱ्या-कठड्यांसारख्या अडथळ्यांवरच्या) प्रकारात सुवर्णपदक मिळवले, हेही वसाहतीतील आयांना सांगा.

तालमीत हौद्याची माती पैलवान स्वतः उकरतो, त्यात ताक-हळद-तेल घालून ती स्वतः मळतो. वस्तादाला ते सांगावे लागत नाही. स्केटपार्कमध्ये त्याच्या जागी खराटा असतो. वाटाण्याएवढा खडा चाकाखाली आला की बोर्ड जागीच थांबतो आणि माणूस पुढे जातो. जो आधी येईल त्याने आधी झाडायचे.

उद्यमनगर_वेल्डर यांचे उत्तर

रॅम्पच्या वरच्या कडेला जो पाइप लागतो, तो दोन इंची घ्यावा, म्हणजे बाहेरून ६० मिलिमीटरचा. पातळ फर्निचरचा पाइप घेऊ नये, तो चेपतो. पाइपाला दर दोन फुटांवर गजाचे पाय वेल्ड करून ते काँक्रीटमध्ये गाडावेत आणि टोके पत्र्याने बंद करावीत. काँक्रीटच्या कडेपेक्षा पाइप पाव इंचच बाहेर राहावा. यासाठी वक्राचा साचा आधी पत्र्यात कापून घ्यावा आणि गवंड्याला त्याच साच्यावर चालवावे, म्हणजे दोन्ही रॅम्प सारखे होतील. साचे मी कापून देईन, त्याचे पैसे नकोत. माझी मुलगी स्केटिंग करते.

मंडळाचा_खजिनदार यांचे उत्तर

एका शब्दाने आपला प्रश्न वाचताना मी थांबलो : तोंडी. तोंडी होकारावर कुदळ मारू नका. आमच्या मंडळाने एकदा अशाच तोंडी होकारावर व्यायामाची साधने बसवली होती. माणसे बदलली आणि साधने उचलून नेली गेली. उद्यानाचे भूखंड विकास आराखड्यात किंवा रेखांकनात खुली जागा म्हणून राखलेले असतात आणि तेथे काय चालते याला नियम आहेत. म्हणून आराखडा, मोजमापे आणि देखभाल कोण करणार याचे हमीपत्र जोडून महापालिकेच्या आयुक्तांकडे रीतसर अर्ज करा आणि लेखी आदेश घ्या. त्या कोपऱ्यात झाड असेल तर त्याची मुळेसुद्धा परवानगीशिवाय तोडू नका. १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा लागू होतो.

पैशांचे म्हणाल तर, कंपनी कायद्यातील सामाजिक उत्तरदायित्वाच्या, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चाच्या, यादीत ऑलिंपिक खेळांच्या प्रशिक्षणाचा उल्लेख आहे, त्यामुळे शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखानदारांना विचारता येईल. मात्र हा निधी नव्याने काढलेल्या मंडळाला मिळत नाही. संस्था नोंदणीकृत हवी, आयकर सवलतीसाठीची (१२अ आणि ८०जी म्हणून ओळखली जाणारी) नोंदणी हवी आणि तीन वर्षांचे काम दाखवता आले पाहिजे. अशी एखादी जुनी संस्था सोबत घ्या. सिमेंट, खडी, मुरूम वस्तुरूपाने मागा. आपल्या गावात रोख पाचशे देताना विचार करणारा माणूस मुरमाची ट्रॉली सहज पाठवतो.

आणि हे मंडळवाल्याच्याच तोंडून ऐका : गणपतीत त्या स्लॅबवर मंडपाचे खांब रोवू देऊ नका. मोकळी, सपाट, सिमेंटची जागा दिसली की आमचे हात शिवशिवतात. हमीपत्रात तेही लिहून टाका.

सकाळची_फेरी यांचे उत्तर

मी त्या विरोध करणाऱ्यांच्या वयाची आहे, म्हणून त्यांच्या बाजूने लिहिते. आम्हाला मुले खेळलेली नको असतात असे नाही. बोर्ड जमिनीवर आपटल्याचा आवाज अचानक येतो आणि दचकायला होते. गुडघ्याचे ऑपरेशन झालेल्या माणसाला सुटून आलेला बोर्ड पायात येण्याची भीती वाटते. यावर समजूत घालू नका, उपाय करा. चालण्याच्या वाटेकडची बाजू वीतभर उंच कठड्याने बंद करा, म्हणजे सुटलेला बोर्ड आतच राहील. सकाळी आठपर्यंत खेळ नको आणि रात्री नऊनंतर नको. कडेला सावलीत दोन बाके ठेवा; आम्ही तेथे बसू, आणि आम्ही बसलेल्या ठिकाणी मोठी मुले सिगारेट ओढत नाहीत, हा आपला फायदा.

एप्रिलमध्ये त्या गुळगुळीत सिमेंटवर कोणी कुरडया वाळत घातल्या तर मात्र बाळांनो, रागावू नका.

कोपऱ्यातला_रॅम्प यांचा प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. प्लायवुडचा विषय बंद केला आहे. अर्जाचा मसुदा तयार असून त्यात खेळाच्या वेळा, कठडा, बाके आणि मंडपाची अट घातली आहे. दोन गवंड्यांची मजुरी वर्गणीत वेगळी धरली, तेव्हा दोघा पालकांनी कुरकुर केली. त्यांना ओळंबा काकांचे उत्तर वाचून दाखवले. आजींचा मजकूर आमच्या ज्येष्ठांच्या कट्ट्यावरही वाचला. विरोध मावळलेला नाही, परंतु बाके कोठे ठेवायची यावर तेथे आता वाद सुरू झाला आहे.

लेखी आदेश येईपर्यंत कामाला हात लावणार नाही. फक्त काळी माती किती खोल आहे, हे पाहण्यासाठी चार कोपऱ्यांत चार लहान खड्डे घेण्याची परवानगी अर्जातच मागितली आहे. ती मिळाली की येणाऱ्या रविवारी सकाळी आठनंतर खड्डे घेऊ. कुदळी दोन आहेत, पाट्या चार. पहार मात्र नाही.

उद्यमनगर_वेल्डर यांचे उत्तर

पहार आहे. घेऊन येतो.